रोबोटचा कम्युनिकेशन फॉल्ट : कार्ड बदलण्याआधी हे तपासा



चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर... या पट्ट्यात वेल्डिंगला किंवा मशीनमध्ये जॉब लावायला रोबोट बसवलेले कारखाने तुम्ही पाहिले असतील. मोठ्या कंपनीत रोबोटची वेगळी टीम असते. छोट्या व्हेंडरकडे मात्र एकच मेंटेनन्सवाला क्रेनपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळं बघतो. रोबोट थांबला की लाइन थांबते आणि मालकाला ग्राहकाचे फोन सुरू होतात. इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा आयटीआय, डिप्लोमा केलेल्या माणसाला इथे सर्व्हिसच्या धंद्याची चांगली संधी आहे. आज त्यातला एकच बिघाड घेऊ : कम्युनिकेशन फॉल्ट.

अलार्म तक्रार सांगतो, चोर सांगत नाही

रोबोटचा कंट्रोलर एकटा काम करत नाही. हातातला टीच पेंडंट, आतले सर्व्हो ड्राइव्ह, मोटरवरचे एन्कोडर, बाहेरचा पीएलसी, वेल्डिंग मशीन, ग्रिपरचं आयओ मॉड्यूल... या सगळ्यांशी त्याचं सतत बोलणं चालू असतं. एखाद्याचा निरोप वेळेत आला नाही की तो काम थांबवतो. थांबायलाच हवं, कारण समोरच्याची खबर नसताना हात फिरवणं धोक्याचं.

पण स्क्रीनवर येतं ते एवढंच, की अमुक मॉड्यूलचा निरोप आला नाही. का नाही आला, हे कंट्रोलरलाही ठाऊक नसतं. फोन मध्येच कट झाला तर दोष तुमच्या मोबाइलचा, समोरच्याचा की टॉवरचा, हे आवाजावरून कळतं का? तसंच हे.

आणि इथेच बरेच जण घसरतात. अलार्ममध्ये कार्डाचं नाव दिसलं की लगेच नव्या कार्डाचं कोटेशन. कार्ड महाग, शिवाय मागवायला वेळ. ते बसवताना कनेक्टर हलतो, फॉल्ट चार दिवस जातो आणि पुन्हा येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! मालकाचे पैसे गेले, आणि पुढच्या वेळी तो फोन दुसऱ्यालाच करणार.

मीटर काढण्याआधी विचारा : "कधी होतं?"

ऑपरेटरजवळ पाच मिनिटं उभे राहा. त्याचं उत्तर ऐकलं की अर्धं काम होतं.

• हात ठरावीक ठिकाणी गेल्यावरच होतं? हातावरून किंवा केबल चेनमधून जाणारी केबल वाकून वाकून आत तुटलेली असू शकते. बाहेरून ती नवीकोरी दिसते.
• वेल्डिंगचा आर्क पेटताना होतं? शील्ड, अर्थिंग आणि पॉवर केबलला चिकटून नेलेली सिग्नल केबल बघा.
• दुपारी, दोन-तीन तास चालल्यावर होतं? पॅनेलचा पंखा, धुळीने भरलेला फिल्टर आणि २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय बघा.
• सुट्टीत मेंटेनन्स झाल्यावर सुरू झालं? कोणता कनेक्टर काढला, कोणतं मॉड्यूल बदललं, ते विचारा.
• शेजारी नवं मशीन लागल्यावर सुरू झालं? एकच आयपी अॅड्रेस दोघांना दिलेला नाही ना?

आता मोजा

डिव्हाइसनेट किंवा दुसरी कॅन बस असेल तर सप्लाय बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन तारांमध्ये रेझिस्टन्स मोजा. डिव्हाइसनेटमध्ये त्या पांढऱ्या आणि निळ्या असतात. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे टर्मिनेटर असतात, म्हणून मीटरवर साधारण ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर गायब किंवा तार तुटलेली. ४० च्या आसपास दिसले तर कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय. मग सप्लाय चालू करून सर्वांत लांबच्या मॉड्यूलवर व्होल्टेज मोजा. पॅनेलमध्ये २४ आणि टोकाला बरंच कमी, असं असेल तर कारण वाटेत आहे.

जांभळी केबल दिसली तर बहुधा प्रोफिबस. त्याच्या कनेक्टरवर टर्मिनेशनचं छोटं बटण असतं. दोन्ही टोकांना ऑन, मधल्या सगळ्यांवर ऑफ. मधलं एक चुकून ऑन झालं तर पुढची मॉड्यूल्स एकदम दिसेनाशी होतात.

इथरनेट असेल तर आधी पोर्टवरचा लिंक दिवा बघा, मग लॅपटॉपवरून पिंग करा. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा असते. मॅनेज्ड स्विच असेल तर पोर्टचा एरर काउंटर बघा. एकाच पोर्टवर आकडा वाढत असेल तर केबल किंवा कनेक्टर तिथलाच. प्रोफिनेटमध्ये नवं मॉड्यूल बसवलं, तारा बरोबर, तरी बोलणं नाही? बहुतेक वेळा त्याला प्रोजेक्टमधलं नाव दिलेलं नसतं. नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

हात लावण्याआधी तीन गोष्टी

पहिली : कंट्रोलरचा पूर्ण बॅकअप घ्या. प्रोग्रॅम गेला तर तो फॉल्टपेक्षा मोठा खर्च.

दुसरी : एन्कोडरचा कनेक्टर "सहज काढून बघू" म्हणून काढू नका. अनेक रोबोट्समध्ये बॅटरीचा सप्लाय त्याच वाटेने जातो. तो तुटला की रोबोट स्वतःची जागा विसरतो आणि मास्टरिंग पुन्हा करावं लागतं.

तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची : मेन स्विच बंद करून कुलूप लावा. सर्व्हो ड्राइव्हचे कपॅसिटर बंद केल्यावरही काही वेळ चार्ज राहतात. पॅनेलवर लिहिलेला वेळ थांबा. आणि सेफ्टीची वायर बायपास करून "चालू करून" देऊ नका. मालक कितीही घाई करो. आत जाणारा ऑपरेटर कुणाचा तरी मुलगा आहे.

यात तुमचा धंदा कुठे?

सुरुवातीला चांगला मल्टिमीटर, लॅन टेस्टर, लॅपटॉप, यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आणि वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरेसं आहे. एका ब्रँडच्या रोबोटपासून सुरुवात करा, त्याचं मॅन्युअल नीट वाचा.

कोटेशनमध्ये तपासणीची फी वेगळी लिहा. ती लिहिली नाही तर कमाई पार्ट विकण्यातच उरते, आणि मग आपलाही हात नकळत कार्डाकडे जातो. फी ठरलेली असली की "साहेब, कार्ड चांगलं आहे, केबल बदला" हे सांगताना पोटात गोळा येत नाही.

काम झाल्यावर एक पानाचा रिपोर्ट द्या : फॉल्ट कधी येत होता, काय मोजलं, आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग, काय बदललं. मालकाला आकडे दिसले की बिल का झालं हे समजावत बसावं लागत नाही. पुढे वर्षाच्या एएमसीचं बोलणंही याच कागदावरून सुरू होतं.

या आठवड्यात एक करा. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये परवानगी घ्या आणि मशीन बंद असताना, तिथल्या मेंटेनन्सवाल्याला सोबत घेऊन, एका लाइनचा नेटवर्क नकाशा कागदावर काढा : कोण कुणाशी बोलतं, कोणत्या केबलवरून, कोणत्या अॅड्रेसवर. त्याची एक प्रत मालकाला द्या. पुढे कधी रोबोट थांबला की तो कागद शोधला जाईल. त्यावर तुमचा नंबर असू द्या.