सुरू झालेली गाडी काहीच सांगत नाही

मोटारगाडी एकदाची बंदच पडली तर तिचा दोष सापडतो. बिघडलेला भाग बिघडलेलाच राहतो, मेकॅनिक एकेक जागा तपासत जातो आणि तासा-दोन तासांत मुळाशी पोचतो. खरा कस लागतो तो दहा वेळा बिनतक्रार सुरू होऊन अकराव्या वेळी हटून बसणाऱ्या गाडीपुढे. मालक ती टोइंग करून गॅरेजला आणतो, मेकॅनिक चावी फिरवतो आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू होते. पुढे बहुतेक ठिकाणी असं होतं, की आधी बॅटरी बदलली जाते. पुन्हा त्रास झाला तर सेल्फ उतरवून कार्बन नवे बसवले जातात. मग रिले, मग इग्निशन स्विच, मग फ्युएल पंप. दर वेळी गाडी सुरू होते, कारण ती तशीही सुरू होणारच होती. या जातीच्या दोषात भागांची अदलाबदल ही तपासणी नव्हेच, असं माझं ठाम मत आहे. बिघाड समोर हजर असताना जे मोजलं आणि तो येऊन गेल्यावर जे लगेच लिहून ठेवलं, तेवढाच इथे पुरावा असतो.

पहिली अडचण ‘गाडी सुरू होत नाही’ या तक्रारीतच आहे, कारण तिच्यात निदान चार वेगळे आजार एकत्र कोंबलेले असतात. चावी फिरवल्यावर काहीच आवाज न येणं ही एक गोष्ट. एकच ‘टक्’ होऊन थांबणं ही दुसरी. बारीक ‘टकटकटक’ होत डॅशबोर्डचे दिवे मंदावणं ही तिसरी. आणि सेल्फ जोमात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, ही चौथी. हिचा बॅटरीशी बहुधा संबंध नसतो. ज्या क्षणी गाडी अडली त्याच क्षणी हेडलाइट लावून चावी फिरवली तर बरंच कळतं. दिवे प्रखर राहिले आणि सेल्फ गप्प, तर बॅटरीत दम आहे, पण हुकूमच सेल्फपर्यंत पोचत नाही: रिले, क्लच पेडलखालचा स्विच, इग्निशन स्विच किंवा सेल्फच्या सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर पाहायची. दिवे जवळजवळ विझले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलाशी सांधा खराब आहे. दिवे थोडेसे मंद झाले आणि एक जोरदार ‘टक्’ आला, तर सोलेनॉइड ओढला गेला, पण त्याच्या आतले झिजलेले तांब्याचे काँटॅक्ट प्रवाह पुढे देत नाहीत, किंवा सेल्फमधले कार्बन संपत आले आहेत. अशा सेल्फच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू होते, हे आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. ती दुरुस्ती नव्हे, पण पुरावा म्हणून ती मोलाची आहे. मालकाने घाबरून पाच-सात वेळा चावी फिरवली आणि गाडी सुरू झाल्यावर हुश्श केलं, तर हा सगळा पुरावा वाया जातो.

मोजमापाकडे वळलं की एक मोठा गैरसमज आडवा येतो. मल्टीमीटर बॅटरीला लावला, १२.६ व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरी ठणठणीत, असं मानलं जातं. तो आकडा विश्रांतीतल्या बॅटरीचा आहे. आतून थकलेली बॅटरीही विश्रांतीत साडेबारा दाखवते आणि सेल्फचा भार पडताच आठ-नऊवर कोसळते. म्हणून आकडा पाहायचा तो सेल्फ फिरत असताना. त्या वेळी तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. वायरींचंही तेच. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ सव्वाशे-दीडशे अँपिअर प्रवाह ओढतो. वाटेत कुठे ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा जास्तीचा अडथळा असला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. साध्या मीटरच्या ओहमच्या खान्यावर हा अडथळा दिसतच नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या पिनांच्या वायरींचा अडथळा त्याहून जास्त असतो. ज्या केबलच्या आतल्या बहुतेक तारा गंजून तुटल्यात आणि दोन-चारच शाबूत आहेत, ती केबलही ओहमच्या चाचणीत उत्तीर्ण होते. तिला पकडायचं तर सेल्फ फिरत असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरायची. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसलं तर दोष त्याच वाटेवर. मग निगेटिव्ह खुंट आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये तसंच मोजायचं, तिथे ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी उघडून साफ करायची. पिन खुंटावरच धरायची, वरच्या क्लॅम्पवर नाही, कारण पुष्कळदा चोर त्या दोघांच्या मधेच बसलेला असतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने हे सांधे आतून खाल्ले जातात आणि वरून वायर नवीकोरी दिसते.

बॅटरी बदलल्यावर आमची गाडी नीट झाली, असं सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि ते खोटं बोलत नसतात. पण बॅटरी बदलताना टर्मिनल सुटतात, घासून साफ होतात, पुन्हा घट्ट आवळले जातात. दोष टर्मिनलाच्या सांध्यात असेल तर तो त्या घासण्याने गेला, आणि श्रेय मात्र काही हजारांच्या नव्या बॅटरीला मिळालं. सहा महिन्यांनी सांध्यावर पुन्हा पांढरट-हिरवट थर साचतो, दुखणं परत येतं, आणि आता ‘बॅटरी तर नवी आहे’ या खात्रीमुळे त्या जागेकडे कुणी बघतही नाही. चुकीच्या दुरुस्तीने पैसे जातात तसा पुढच्या तपासाचा रस्ताही बंद होतो, आणि माझ्या लेखी ते नुकसान जास्त मोठं आहे.

उष्णतेवर चालणारे दोष सर्वांत चकवणारे. इंजिनच्या फिरण्याची खबर देणारा क्रँक सेन्सर बऱ्याच गाड्यांत केसासारख्या बारीक तारेच्या वेटोळ्याचा असतो. तारेत सूक्ष्म तडा असला तर थंडपणी ती जुळलेली राहते आणि गरम झाल्यावर फाकते. घाट चढून आलेली गाडी चहासाठी दहा मिनिटं उभी केली, की बंद इंजिनची साचलेली धग त्या सेन्सरपर्यंत पोचते. मग सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन फिरतंय हे इसीएमला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळतच नाही, म्हणून ते ना ठिणगी देतं ना पेट्रोल. अर्ध्या तासाने धग ओसरते आणि टोइंगवाला येईपर्यंत गाडी पुन्हा शहाणी झालेली असते. धगीने सेल्फही अडतो, पण त्याची तऱ्हा निराळी. तांब्याचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. तीस अंशांवरून शंभरावर गेलेल्या सोलेनॉइडच्या वेटोळ्याचा अडथळा पाव हिश्शाहून अधिक वाढतो, त्याची ओढ कमी पडते, आणि इग्निशन स्विचच्या जुन्या काँटॅक्टमध्ये आधीच एखादा व्होल्ट गळत असेल तर तो ओढलाच जात नाही. दोन्ही तक्रारी मालकाच्या तोंडी ‘गरम झाली की सुरू होत नाही’ अशाच येतात. सेल्फ फिरत होता की नाही, एवढ्या एका नोंदीने तपासाची दिशा ठरते. फ्युएल पंपाचंही तसंच. चावी ऑन केल्यावर बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घरघर येते. अडलेल्या क्षणी ती आली का, हे गाडी सुरू झाल्यानंतर कुणीही सांगू शकत नाही. चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या इमोबिलायझरचा संशय असेल तर दुसरी चावी आठवडाभर वापरून पाहावी, म्हणजे त्रास चावीबरोबर गेला की गाडीपाशीच राहिला ते कळेल.

फक्त दोन-तीन दिवस उभी राहिल्यावरच अडणारी गाडी त्या मानाने सरळ. बंद गाडीत सगळे कंट्रोलर झोपी गेल्यावर पन्नास मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह चालतो. पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी त्याने रिकामी व्हायला महिना लागेल. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, ट्रॅकर किंवा डॅशकॅम अर्धा अँपिअर खात असेल तर तीच बॅटरी तीन दिवसांत आडवी होते.

आताच्या गाड्यांना स्कॅनर लावला की तो दोष सांगतो, मग एवढी यातायात कशाला, असं विचारलं जातं. भारतात २०१३ पासून नव्या मोटारींत ओबीडी-२ ही दोष नोंदवणारी यंत्रणा आहे आणि तिचा उपयोग मोठा आहे. पण स्कॅनर तेवढंच सांगतो, जेवढं इसीएमने पाहिलं. गंजलेलं टर्मिनल, झिजलेले कार्बन, ढिली अर्थिंग यांवर इसीएमची नजरच नसते. क्रँक सेन्सरसाठी पी-०३३५ हा कोड ठरलेला आहे, तरी सेन्सर पूर्ण गप्प झाला तर काही गाड्यांत इसीएमला इंजिन थांबलेलंच आहे असं वाटतं आणि कोड पडत नाही. अशा वेळी अडलेल्या क्षणी स्कॅनरवर आरपीएमचा आकडा शून्यच राहतो का, ते पाहावं लागतं. म्हणजे यंत्र नवं असलं तरी अट जुनीच राहिली.

याहून वजनदार आक्षेप खर्चाचा आहे. गॅरेजवाल्याने एका गाडीमागे दोन दिवस बसायचं कसं? त्या मजुरीत नवी बॅटरी येते. चार वर्षांची बॅटरी सकाळी सेल्फ ढिला फिरवत असेल तर ती बदलण्यात गैर काही नाही. अंदाज तिथे संभाव्यतेवर उभा आहे, आणि भारावरची चाचणी त्याची खात्री पाच मिनिटांत करून देते. दोन दिवस बसण्याचीही गरज नाही, कारण वाट पाहण्याचं काम मालकाने करायचं आहे. जाणत्या मिस्त्रीचा कान आवाजावरून दोष ओळखतो हेही मला मान्य आहे. पण कानाला आवाज ऐकू तर यायला हवा. म्हणून असे मिस्त्री आधी मालकालाच खोदून विचारतात: सकाळी की दुपारी, गरम की थंड, पाऊस होता का, सेल्फ फिरला का. आज मालकाच्या खिशात फोन आहे. चावी फिरवतानाचा, डॅशबोर्ड दिसेल आणि आवाज येईल असा वीस सेकंदांचा व्हिडिओ मेकॅनिकला बॅटरीइतक्याच किमतीचा वाटायला हवा.

दुरुस्तीनंतरचा पुरावा तर जवळजवळ कुणीच मागत नाही. दहांत एकदा अडणारी गाडी, तिला हातही न लावता, सलग दहा वेळा सुरू होण्याची शक्यता पस्तीस टक्के आहे. गॅरेजच्या दारात तीनदा सेल्फ मारून ‘झाली बघा’ म्हणण्याला म्हणूनच काही अर्थ नाही. ढोबळ हिशेब असा, की जितक्या वेळांत एकदा दोष दिसत होता त्याच्या तिप्पट वेळा गाडी सलग सुरू झाली, तर दोष गेला असं बऱ्याच भरवशाने म्हणता येतं. दहांत एकदा अडणारीला तीस वेळा, तिसांत एकदा अडणारीला नव्वद वेळा. रोजच्या चार वेळा धरल्या तर तीन आठवड्यांहून जास्त. आणि त्याही ज्या परिस्थितीत ती अडत होती त्याच परिस्थितीत: घाटानंतर अडणारी गाडी सोसायटीच्या सावलीत कितीही वेळा सुरू झाली तरी ते जमेस धरता येत नाही.

तेव्हा गाडी अडेल तेव्हा न्यूट्रल आणि हँडब्रेक पाहा, हेडलाइट लावा, एकदाच चावी फिरवा, काय ऐकू आलं ते वेळेसकट लिहा, आणि मगच पुढचा प्रयत्न करा. बिल घेताना बदललेल्या भागाच्या नावाशेजारी बदलण्यापूर्वी मोजलेले व्होल्ट लिहून मागा.