मधला कप्पा

मिलिंद बोकील यांची 'शाळा' 2004 साली मौज प्रकाशनाकडून आली. कुमारवयीन मुलांच्या कथा-कादंबऱ्या वाचायच्या आणि त्यांवर लिहायचं, हा माझा छंद त्या पुस्तकापासून सुरू झाला, म्हणून मागोवा घ्यायचा तर तिथूनच घेते. आणीबाणीच्या काळातली नववीतली मुलं, त्यांतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर. सगळं तो मुलगाच सांगतो, आणि कुणी मोठं माणूस त्याच्या आडून बोलतंय असं एकदाही वाटत नाही. वाचून संपवलं तेव्हा मनात आलं, हे पुस्तक शेजारच्या नववीतल्या मुलाच्या हातात पडायला हवं. पण त्याला ते मिळणार कुठे? प्रकाशकानं ते मोठ्यांसाठी काढलेलं, वाचनालयात ते मोठ्यांच्या कादंबऱ्यांत लागलेलं. बालविभागातून हा मुलगा बाहेर पडला होता आणि त्या दुसऱ्या कपाटापाशी त्याला कुणी नेलं नव्हतं.

मराठी वाचकाच्या वाढीत हा एक कप्पा कायम रिकामा राहत आला आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ऊर्फ फाफे अकरा-बारा वर्षांचं पोर झपाटल्यासारखं वाचतं. त्यानंतर घरातली मोठी माणसं त्याच्या हातात थेट 'मृत्युंजय' किंवा 'स्वामी' ठेवतात. मधल्या चार-पाच वर्षांत मुलाचा आवाज फुटतो, मुलीला अंगणातून घरात बोलावलं जातं, मित्र दुरावतात, वडिलांशी बोलणं कमी होतं. नेमकी या वर्षांची पुस्तकं कोणती, हे सांगणारं कुणी नसतं. पुस्तकं मात्र आहेत. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' 1994 सालचं. त्यामागून 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' आली. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन आणि बेळगावकडची कानडी हेल असलेली ती मराठी. माझ्याकडे पुस्तकं बदलायला येणाऱ्या, जळगावातल्या मेहरूणच्या पोरांना ती परकी वाटेल अशी मला धास्ती होती. त्यांनी चार पानांत तिची सवय करून घेतली.

आमच्या भागात या कामाला जुना आधार आहे. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची व्यवस्था पाहत. त्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हातानं लिहून काढत. पुढे 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. 'श्यामची आई' 1933 सालची, नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. रोज रात्री थोडं थोडं सांगत जायची तिची रीत मला छात्रालयातूनच आलेली वाटते. समोर कोण बसलंय आणि ते उद्या पुन्हा येणार आहे, हे धरूनच ते पुस्तक बोलतं. आज गुरुजींची आठवण काढताना आपण आईवरच्या प्रेमाचं बोलतो. अमळनेरच्या त्या वाढत्या वयाच्या वाचकांना त्यांनी रोज काही लिहून देण्याइतकं महत्त्व दिलं होतं, त्याचं फारसं बोलत नाही. मला गुरुजींचं हे काम फार मोठं वाटतं.

परीक्षणाकडे वळते. मुलांच्या पुस्तकांवर वर्तमानपत्रांत जे येई ते बहुतेक पालकांना उद्देशून असे. संस्कारक्षम आहे, वाढदिवसाला भेट द्यायला चांगलं आहे, चित्रं आकर्षक आहेत. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिलंय त्याच्याशी त्यातलं एक वाक्य बोलत नसे. म्हणून मी परीक्षणं थेट मुलांना लिहायला लागले. अर्ध्या पानाची चिठ्ठी, पुस्तकाच्या पहिल्या पानाशी खोचलेली. गोष्ट कोण सांगतंय, त्याचं वय काय, कुठली पानं रेंगाळतात, कुठल्या प्रसंगाला जीव तुटतो. एक खूण मी पहिल्यापासून तपासत आले. मुलांची अडचण शेवटी सुटते ती कुणामुळे? समंजस शिक्षक किंवा काका येऊन दोन परिच्छेद बोलतात आणि सगळं मार्गी लागतं, असं असेल तर ते पुस्तक मुलांवर विश्वास ठेवत नाही. मी तसं चिठ्ठीत स्पष्ट लिहिते. 'शाळा'त शेवटी सगळं जुळून येत नाही, आणि मुलांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

चिठ्ठीखाली मुलंही लिहू लागली. सगळ्यांत जास्त लिहिलं गेलं ते 'पाडस'वर. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द यर्लिंग'चा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद. मूळ कादंबरी 1938 ची आणि तिला 1939 चं पुलित्झर मिळालेलं, म्हणजे तिथेही ती मोठ्यांची म्हणूनच गौरवली गेली. मुलांनी तिला नंतर आपलंसं केलं. पाळलेलं हरणाचं पाडस पीक खातं आणि ज्योडीला त्याला गोळी घालावी लागते. थंडीत मेहरूणची बोरं खिशात भरून पुस्तक बदलायला येणारी ही पोरं त्या शेवटावरून माझ्या ओट्यावर भांडली. एकाचं म्हणणं, आईवडिलांनी हे करायलाच नको होतं. दुसऱ्याच्या घरी शेती, तो म्हणाला, "काकू, एक हंगाम गेला की घर काय खाईल, ते यानं बघितलेलं नाही." परीक्षण म्हणतात ते हेच. पुढे मी लिहिलेल्या कितीतरी चिठ्ठ्या या भांडणावरून बेतलेल्या आहेत.

2017 मध्ये 'फास्टर फेणे' चित्रपट आला. त्यातला बनेश फेणे वयानं मोठा. पण त्या निमित्तानं पोरं पुन्हा फुरसुंगीचा मूळ फाफे मागायला आली. नंतर 2020 ची टाळेबंदी. शाळा बंद, पुस्तकांची अदलाबदल बंद. तेव्हा बालभारतीच्या 'किशोर' मासिकानं मोठा हात दिला. नोव्हेंबर 1971 पासूनचे त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला होते. वडिलांच्या मोबाइलवर, त्यांच्या लहानपणचा अंक मुलगी वाचते आहे, असं घराघरांत दिसलं.

खान्देशातलं पोर मात्र या पुस्तकांत फार उशिरा दिसतं. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 ची. पांडुरंग सांगवीकर यावलकडच्या आमच्या मातीतला. शिकायला पुण्याला निघालेल्या मुलांना मी ती आवर्जून देते, पण सतराच्या आत नाही. त्याच्या अलीकडच्या वयासाठी लिहिणाऱ्या जळगावच्या आबा महाजनांच्या 'आबाची गोष्ट'ला साहित्य अकादमीचा 2020 चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा मला घरातल्या कुणाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला. हा पुरस्कारच 2010 पासूनचा. त्यानं एक बरं केलं, मुलांसाठी लिहिणं हे हातखर्चाचं लेखन राहिलं नाही. उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष राहिलेले भारत सासणे 'समशेर आणि भूत बंगला' लिहितात आणि 2024 चा पुरस्कार त्या कादंबरीला मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

मुलींच्या बाबतीत मात्र अजून फार काही हललेलं नाही. फाफे, लंपन, मुकुंद, ज्योडी, पांडुरंग, सगळे मुलगेच. संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला 2022 मध्ये अकादमीचा पुरस्कार मिळाला. पियू वयानं लहान आहे, तरी सातवी-आठवीतल्या मुलींनीसुद्धा ते पुस्तक पुन्हा पुन्हा नेलं, कारण त्यात एक मुलगी स्वतः लिहिते आहे. चौदा-पंधराच्या मुलीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेल्या मराठी कादंबऱ्यांची यादी मी सध्या करते आहे. तिच्यात जळगाव-धुळ्याकडची एकही मुलगी अजून आलेली नाही. सकाळी एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आईचा डबा भरून मग शाळेत जाणारी, तलावाच्या रस्त्यानं सायकलवर येणारी, घरात अहिराणी किंवा लेवा बोली आणि वर्गात पुस्तकी मराठी बोलणारी मुलगी मला रोज दिसते. तिच्यावर कुणी लिहीत असेल तर कच्चा खर्डासुद्धा मी वाचायला घेईन, आणि पहिली चिठ्ठी तिच्याच वर्गातल्या मुलीकडून लिहून घेईन.