डबल क्लिक... आणि शांतता!

सोमवार. सकाळचे सव्वानऊ. एका हातात चहा, दुसऱ्या हातात माऊस. आउटलुकच्या निळ्या चौकोनावर डबल क्लिक केलं आणि... काहीच नाही! म्हणजे मधोमध एक छोटी पाटी आली, ‘लोडिंग प्रोफाइल’ म्हणाली आणि तिथेच ठाण मांडून बसली. चहा संपला, पाटी हलेना. मी पुन्हा डबल क्लिक केलं. मग आणखी चार वेळा. (हसू नका, तुम्हीही हेच करता.)

एरवी म्हटलं असतं, जाऊ दे, मोबाइलवर बघू. पण त्या दिवशी साडेबाराला एका ठिकाणच्या अकाउंट्सवाल्यांशी फोन ठरला होता. तीन लेखांचे पैसे अडकलेले आणि ‘हा रेट आमच्याकडून कुणी कबूलच केला नव्हता’ हे त्यांचं पालुपद. कबूल केल्याची मेल माझ्याकडे होती. कुठे? त्याच न उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात! माझं खातं जुन्या पद्धतीचं, पॉप. आउटलुक मेल उतरवून घेतं आणि १४ दिवसांनी सर्व्हरवरची प्रत पुसून टाकतं. तशी खूण सेटिंगमध्ये होती आणि मी ती कधी वाचलीच नव्हती. म्हणजे ब्राउझरमधून लॉग-इन केलं, तरी दिसणार फक्त गेल्या दोन आठवड्यांतलं. माझी मेल आठ महिन्यांपूर्वीची.

मास कॉमच्या दोन वर्षांत उलटा पिरॅमिड शिकवला, हेडलाइन शिकवली, हे मात्र कुणी शिकवलं नाही. मी तपकीर गल्लीतल्या माझ्या नेहमीच्या रिपेअरवाल्या मुलाला फोन लावला.

‘‘दादा, आउटलुक उघडत नाहीये. फॉरमॅट मारावं लागेल का रे?’’

‘‘ताई, फॉरमॅटचं नाव काढू नका. बाकी काहीही करा, फॉरमॅट नको, अनइन्स्टॉल नको. आणि क्लिक करणं थांबवा.’’

त्याचं म्हणणं, आत एक आउटलुक अर्धमेलं अडकून बसलंय, ते हटल्याशिवाय दुसरं येणार नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे आउटलुक शोधायचं आणि ‘एन्ड टास्क’. पुष्कळांची गाडी म्हणे इथेच सुटते. माझी सुटली नाही.

मग सेफ मोड. विंडोजचं बटण आणि आर दाबायचं, चौकटीत ‘आउटलुक डॉट ईएक्सई’, एक स्पेस, तिरकी रेघ आणि ‘सेफ’ असं इंग्रजीत टाइप करायचं. किंवा कंट्रोल दाबून धरून आयकॉनवर क्लिक. अशा वेळी आउटलुक ऍड-इन्सना, म्हणजे मीटिंगचं बटण, पीडीएफचं बटण असल्या चिकटलेल्या पाहुण्यांना, बाहेर ठेवून एकटंच उघडतं. उघडलं, तर दोष पाहुण्यांचा. फाइल, ऑप्शन्स, ऍड-इन्समध्ये जाऊन सगळ्यांना बंद करायचं आणि एकेकाला परत आत घ्यायचं. ज्याला घेतल्यावर रडगाणं सुरू होईल, तो चोर. हिंजवडीतल्या माझ्या मैत्रिणीचं दुखणं याच औषधानं गेलं होतं. (हे सगळं ‘क्लासिक’ आउटलुकबद्दल हं. नव्या आउटलुकमध्ये त्या जातीची ऍड-इन्स चालतच नाहीत.)

तुम्ही ऑफिसात असाल, तर त्याआधी एक करा. शेजारच्या टेबलावर डोकावा. १५ जुलै २०२० ला जगभर असंख्य लोकांचं आउटलुक उघडता क्षणी बंद पडत होतं. घोळ मायक्रोसॉफ्टच्या बाजूचा होता आणि दुरुस्तीही तिथूनच आली. अशा दिवशी स्वतःच्या मशिनशी कुस्ती खेळण्यात अर्थ नसतो.

मी घरी, शेजारी फक्त भिंत. पण सेफ मोडनं एक उपकार केला, तोंड उघडलं. पीएसटी फाइलमध्ये चुका सापडल्या आहेत, इनबॉक्स रिपेअर टूल वापरा, असा मेसेज आला. वाचून दाखवल्यावर पलीकडून लगेच प्रश्न, ‘‘ताई, काल लाईट गेली होती का?’’

गेली होती. रात्री अकराला, आउटलुक उघडं असताना. यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून मेलेली आणि ती बदलायचा कंटाळा सर्वस्वी माझा. फाइलमध्ये काही लिहिलं जात असताना वीज गेली, की पान अर्धवट राहतं.

‘‘पीएसटी आहे की ओएसटी, नीट बघून सांगा,’’ तो म्हणाला. ओएसटी म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची नुसती प्रत. नाव बदलून बाजूला ठेवली, तर आउटलुक नवी बनवतं. कंपनीचं खातं बहुधा असंच असतं. पीएसटी मात्र मूळ. ती गेली की गेली! माझी पीएसटी. साइज ११ जीबी. पोटात गोळा आला.

डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मधून आधी तिची कॉपी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतली. मग प्रोग्रॅम फाइल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस१६ असं आत आत जाऊन ‘स्कॅनपीएसटी’ सापडलं. हेच ते रिपेअर टूल. इतकी कामाची गोष्ट इतक्या आत का लपवून ठेवतात, देव जाणे. फाइल दाखवली, स्टार्ट केलं. आठ टप्पे. तिसऱ्या टप्प्यावर ते इतका वेळ थांबलं, की मी भांडी घासून आले. सव्वाअकराला ‘रिपेअर’चं बटण आलं, बॅकअपची खूण तशीच ठेवून दाबलं. झालं म्हणाले. ‘‘परत चालवा,’’ दादा म्हणाला, ‘‘चुका नाहीत असं सांगेपर्यंत.’’ दुसऱ्या फेरीतही थोड्या निघाल्या. तिसरी स्वच्छ.

बारा वाजून दहा मिनिटं. डबल क्लिक, या वेळी एकदाच. ‘लोडिंग प्रोफाइल’... आणि इनबॉक्स!

ती मेल मात्र तिच्या फोल्डरमध्ये नव्हती. हातपाय गार. शेवटी खाली ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाचं एक नवं फोल्डर दिसलं. टूलला ज्यांचं घर सापडत नाही, अशा मेल ते तिथे आणून टाकतं. जत्रेत हरवलेल्या पोरांसारख्या चाळीसेक मेल तिथे उभ्या होत्या, त्यात माझी. ‘रेट ओके, प्लीज गो अहेड.’ खाली सही, तारीख, सगळं.

साडेबाराला फोन आला. मी काही न बोलता मेल फॉरवर्ड केली. पलीकडे बराच वेळ की-बोर्डचा आवाज.

‘‘हो मॅडम, दिसतेय मेल. पुढच्या आठवड्यात चेक काढतो.’’

फोन ठेवला आणि यूपीएसच्या बॅटरीची किंमत विचारायला परत तपकीर गल्लीला लावला.