गाडी तापली, तर आधी थांबा!

अक्षय्य तृतीयेला आम्ही कल्याणहून नाशिकला, माझ्या माहेरी निघालो होतो. गाडी सासऱ्यांच्या वेळची, १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. कसाऱ्याचा घाट अर्धा चढलो आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी म्हटलं, "अहो, थांबवा ना!" तर हे म्हणतात, "थोडाच घाट उरलाय, वर गेलं की बघू." थोडाच घाट! त्या तीन-चार किलोमीटरांनी आमचे दोन महिने खाल्ले आणि दिवाळीसाठी बाजूला ठेवलेले पैसेही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

कुकरची रिंग आणि इंजिनाची गॅस्केट

कुकरची रिंग सैल झाली की वाफ कडेने निसटते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंजिनाचंही तसंच. खालचा भाग म्हणजे ब्लॉक, त्यात सिलिंडर. वरचं जड झाकण म्हणजे हेड. दोघांच्या मध्ये असते पातळशी हेड गॅस्केट. मात्र तिला एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: सिलिंडरमधल्या जळत्या वायूचा दाब, इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि ऑइल. तिघांची एकमेकांशी गाठ पडता कामा नये.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियमच्या पातेल्यातलं पाणी आटून ते तसंच गॅसवर राहिलं, तर बूड वाकतं आणि पातेलं ओट्यावर डुगडुगतं. कारण तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. इंजिन फाजील तापलं की हेडही असंच वाकतं, मग गॅस्केट नीट दबून राहत नाही आणि फुटते.

ही लक्षणं ओळखा

बाहेर कुठे गळती दिसत नाही, पण रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतं. इंजिन चांगलं गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो. गाडी चालू असताना रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात. ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तर ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसतं. ऑइल असं दिसलं, तर गाडी सुरूच करू नका.

स्वस्तातलं महागात पडलं

नाशिकच्या एका गॅरेजवाल्याने एका दिवसात नवी गॅस्केट बसवून दिली. बिल कमी, आम्ही खूश! तीन आठवड्यांत गाडी पुन्हा तापली. कल्याणच्या आमच्या वयस्कर मिस्त्रींनी हेड उतरवलं, त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि मला बोलावलं. "वहिनी, उजेड दिसतोय का खालून?" दिसत होता! हेड वाकलेलं होतं. पहिल्या माणसाने ते तपासलंच नव्हतं.

हेड लेथवाल्याकडे फेसिंगला पाठवलं, म्हणजे तळ घासून सपाट करायला. तिथे कळलं की दोन व्हॉल्व्हच्या मध्ये केसाएवढी चीर आहे. आता हेडच बदलायचं! पद्मिनी कारखान्यातून निघणं बंद होऊन २० हून जास्त वर्षं झाली. शेवटी कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून एक हेड मिळालं. मिस्त्रींनी तेही आधी पाण्याच्या दाबाखाली तपासून, फेसिंग करूनच बसवलं.

बसवायचीही रीत असते. गोधडी शिवताना आपण मधून कडेकडे जातो, म्हणजे फुगा राहत नाही. हेडचे बोल्टही तसेच मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंत आवळतात. उघडताना उलट, कडेकडून मध्ये. जुनी गॅस्केट परत वापरायची नाही. पाणी मिसळलं असेल तर ऑइल बदलायचं. शेवटी टॅपेट जुळवायचे.

गॅरेजमध्ये हे विचारा

• हेड वाकलंय का, ते पट्टी ठेवून पाहिलं का? मला दाखवा.
• हेडला चीर नाही ना?
• गाडी तापलीच कशामुळे? रेडिएटर तुंबलाय, पंप बिघडलाय, पट्टा सैल आहे की थर्मोस्टॅट अडकलाय? मूळ कारण राहिलं, तर नवी गॅस्केटही जाणार.
• बोल्ट पुन्हा आवळायला गाडी कधी आणायची?

आणि वाटेत गाडी तापली तर? लगेच कडेला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. आत कुकरसारखाच दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर उडतं. तापल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, हेडला चीर जाते. चांगला तासभर थांबा, मग पाणी घाला.

गॅस्केट ही तशी स्वस्त वस्तू. महाग पडतो तो "थोडंच राहिलंय" हा हट्ट. गाडीतलं आपल्याला काय कळतं, म्हणून त्या दिवशी मी दुसऱ्यांदा बोलले नाही, याची मला अजून चुटपुट लागते. आता घाटाच्या पायथ्याशी हे स्वतःच गाडी थांबवतात. थर्मासमधला चहा होतो, इंजिनही जरा निवतं. घाटात वाफ दिसली, तर मीही आता एकदा सांगून गप्प बसणार नाही. तुम्हीही बसू नका.