संगणक झोपतो, पण किती?

संध्याकाळी साडेसहाला एखाद्या कचेरीत डोकावून पाहा. माणसं घरी गेलेली असतात, शिपायानं दिवे-पंखे बंद केलेले असतात. टेबलांवरचे संगणक मात्र चालूच. कुणाच्या पडद्यावर मासे पोहताहेत, कुणाच्या पडद्यावर कचेरीचं नाव गोल गोल फिरतंय. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सकाळी पुन्हा लावायचाच आहे ना!"

हे मासे वीज वाचवतात, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. जुन्या, काचेच्या नळीच्या पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिलं, तर त्याचा डाग कायमचा उमटायचा. तो टाळायला हलती चित्रं आली, म्हणून त्यांचं नाव स्क्रीन सेव्हर. ती पडदा वाचवत होती, वीज नव्हे.

हिशेब करून पाहू. समजा, रिकामा बसलेला संगणक आणि त्याचा पडदा मिळून ६० वॅट घेतात. संध्याकाळी सहा ते सकाळी दहा, म्हणजे १६ तास. झाले ९६० वॅट-तास, जवळजवळ एक युनिट. वीस संगणकांचे एका रात्रीचे वीस युनिट, आणि काम शून्य! तोच संगणक झोपवला तर साधारण दोन-तीन वॅटवर भागतं. अमेरिकेनं १९९२ मध्ये वीजबचतीसाठी 'एनर्जी स्टार' योजना आणली, तेव्हा सुरुवात संगणक आणि त्याच्या पडद्यापासूनच केली होती.

मग सगळ्यांनी 'स्लीप' दाबून घरी जावं का? इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे दिवे जातात.

संगणकाजवळ एक पाटी असते आणि एक वही. चालू काम तो पाटीवर करतो. तिला रॅम म्हणतात. आपण 'सेव्ह' केलं की ते वहीत, म्हणजे डिस्कवर, उतरतं. वहीतलं टिकतं. पाटीवरची अक्षरं मात्र वीज असेपर्यंतच. 'स्लीप'मध्ये पडदा, डिस्क, पंखा सगळं थांबतं, फक्त पाटी पुसली जाऊ नये एवढी वीज चालू राहते. म्हणूनच बटण दाबताच काम होतं तसं समोर येतं. पण रात्री दिवे गेले, तर पाटी कोरी! माझ्या परिचयाच्या एका शिक्षिकेनं सहामाहीचे गुण भरता भरता संगणक झोपवला. पहाटे वीज गेली आणि दोन वर्गांचे गुण गेले. उत्तरपत्रिका हाताशी होत्या म्हणून निभावलं.

यावर उपाय आहे 'हायबरनेट'. यात संगणक पाटीवरचं सगळं वहीत उतरवतो आणि मग पूर्ण बंद होतो. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण वीज गेली तरी चिंता नाही. विंडोजच्या मेनूत हा पर्याय बहुतेकदा दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा. तिथे पॉवर बटणानं काय करावं हे ठरवण्याची जागा आहे, त्यात 'हायबरनेट'वर खूण करा. टेबलावरच्या अनेक संगणकांत 'हायब्रीड स्लीप'ही असते. व्हिस्टापासून आलेली ही सोय पाटी जपते आणि वहीतही नक्कल ठेवते. ज्यांच्या गावी विजेचा भरवसा नाही त्यांनी ती चालू आहे ना, हे आजच पाहावं.

लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे दिवे गेल्याची भीती नाही. त्याची तऱ्हा वेगळी. नव्या लॅपटॉपची झोप फार सावध असते. मिटलेल्या अवस्थेतही तो अधूनमधून इंटरनेटशी बोलत राहतो. पिशवीत ठेवलेला लॅपटॉप प्रवासानंतर गरम लागतो आणि बॅटरी अर्धी झालेली असते, ती यामुळे. पुण्याहून नागपूरला निघताना तो मिटून ठेवू नका, हायबरनेट करा किंवा बंद करा.

'बंद' या शब्दातही गंमत आहे. २०१२च्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर विंडोज स्वतःपुरती पाटी वहीत उतरवून ठेवते, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. म्हणून संगणक विचित्र वागू लागला, तर बंद करून चालू करण्यापेक्षा 'रीस्टार्ट' करावं. त्यात सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं.

वेळा किती ठेवाव्यात? पडदा दहा मिनिटांनी, संगणक अर्ध्या तासानं, हे मला घरी आणि कचेरीतही पुरेसं वाटतं. एवढं करूनही संगणक झोपत नसेल, तर एखादा व्हिडिओ किंवा छपाईचं अडकलेलं काम मागे चालू आहे का, ते बघा. आणि माउसही तपासा. डुगडुगत्या टेबलावर तो जरासा हलला, की झोपलेला संगणक जागा होतो.