जुना जेसीबी पारखताना

वर्षाकाठी पंधरा दिवसांचेच काम असेल, त्याने यंत्र भाड्यानेच बोलवावे. बांधबंदिस्ती, चर, शेततळे असा पसारा असेल तरच जुना जेसीबी पाहावा. मात्र रंगावर भाळू नये, रंग स्वस्त असतो! तासांचा मापक फिरविता येतो. गुळगुळीत झालेली पेडले खरे वय सांगतात. इंजिन आधीच तापविलेले असल्यास ते निवू द्यावे, मगच सुरू करावयास सांगावे. खरी परीक्षा मागील हाताची. तो लांब पसरून, बादली वीतभर उचलून इंजिन बंद करावे. दहा मिनिटांत बादली भुईला टेकली, तर तेल सिलिंडरमधून वा झडपेतून आतल्या आत निसटते आहे. सांध्यांच्या पिना नि बुश झिजले असल्यास बादली हलविताच खटखट ऐकू येते. हा खर्च किमतीतून वजा करावा. नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा नाही ना, हे विसार देण्यापूर्वीच पाहावे.