मिश्री सुटत का नाही?

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत विषय होता कर्जाच्या परतफेडीचा, पण बोलता बोलता गाडी आली मिश्रीवर. एक काकू म्हणाल्या, "ताई, तंबाखू वाईट हे आम्हाला पण कळतंय. पण सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं. मग सोडायची कशी ते सांगा." मी एम.एस.डब्ल्यू. शिकून आलेली, पिशवीत पोस्टर होतं, माहितीपत्रक होतं. पण 'कशी'चं उत्तर नव्हतं. नंतर वाचलं, नर्सताईंना विचारलं, ते इथे लिहितेय.

पहिल्यांदा भाकरी थापली तो दिवस आठवा. पीठ किती, पाणी किती, तवा तापला का, सगळीकडे लक्ष. आणि आता? भाकरी थापता थापता सुनेशी बोलता, पोराला रागावता, हात आपला आपण चालतो. एकच काम त्याच जागी, त्याच वेळेला रोज केलं की मेंदू त्याचा विचार करणं सोडून देतो. यालाच सवय म्हणायचं. मेंदूला चांगली-वाईट कळत नाही, तो फक्त कष्ट वाचवतो.

सवयीत तीन गोष्टी असतात. आधी इशारा, मग कृती, मग दिलासा. मिश्रीचं बघा. सकाळी चूल पेटली, पाणी तापत ठेवलं, कोनाड्यातली डबी दिसली, हा इशारा. बोट हिरडीवर फिरलं, ही कृती. मग जरा तरतरी येते आणि पाच मिनिटं निवांत बसायला मिळतं, हा दिलासा. मला तर वाटतं, बऱ्याच जणींना मिश्रीपेक्षा ती पाच मिनिटंच हवी असतात. त्या वेळेत कोणी हाक मारत नाही.

पण काकूंचं पोटाचं म्हणणं खोटं नाही. तंबाखूत निकोटिन असतं. ते हिरडीतून रक्तात जातं, मेंदूला तरतरी देतं आणि आतड्यांनाही चालना देतं. शरीराला त्याची चटक लागते. म्हणून बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस जड जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. बायका घाबरतात, "मला सोसत नाही" म्हणून पुन्हा डबी उघडतात. खरं तर हा त्रास साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरत जातो.

देवासमोर शपथ घेऊन का सुटत नाही, तेही आता कळेल. शपथ एकदाच घेतली जाते, इशारा मात्र रोज सकाळी येतो. म्हणून आधी डबी घरातून घालवा. "लपवून ठेवते" चालत नाही, लपवलेली जागा आपल्यालाच माहीत असते. नवी मिश्री भाजू नका. आणि ती वेळ रिकामी सोडू नका. त्या वेळेला ग्लासभर कोमट पाणी प्या, ब्रश करा, अंगणात चार चकरा मारा. जेवणानंतर लावायची सवय असेल तर बडीशेप चघळा. पाच मिनिटांचं बसणं मात्र सोडायचं नाही, ते तुमचं आहे.

किती दिवस लागतात? '२१ दिवसांत सवय बदलते' असं मोबाईलवर फिरतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. फळ खाणं, पाणी पिणं, व्यायाम अशी साधी सवय अंगवळणी पडायलाही सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाचा हिशोब २५४ दिवसांवर गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. मिश्रीला निकोटिनची ओढ आहे, तेव्हा जास्तच धीर धरा.

आपल्या बचतीचंही असंच झालं ना? सुरुवातीला कोणाला आठवायचं नाही. मग बैठकीचा वार ठरला, सगळ्यांसमोर पैसे ठेवायचे, वहीत नोंद. आता वार उजाडला की हात आपोआप पैशाच्या डब्याकडे जातो. म्हणून मिश्री सोडायची तर एकटीने गुपचूप नको, गटात सांगून सोडा.

मी एवढी मागे का लागलेय, तेही सांगते. मुंबईत गरोदर बायांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. आणि त्याच बैठकीत एका ताईंनी मला बाजूला घेऊन गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. चार महिने कोणाला बोलल्या नव्हत्या. आम्ही दोघी ग्रामीण रुग्णालयात गेलो, डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवलाय, रिपोर्ट यायचाय. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल तर थांबू नका, दाखवून घ्या. सोडायला मदत हवी असेल तर सरकारची टोल फ्री लाईन आहे, १८००-११-२३५६.

गटातल्या सहाजणींनी सुरुवात केली होती, चौघी टिकून आहेत. काकूंचे २६ दिवस झाले, मध्ये भाचीच्या लग्नात दोनदा लावली, ते त्यांनी स्वतःच बैठकीत सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही उठल्या उठल्या मोबाईल बघायचा सोडून दाखवा." सगळ्या हसल्या. माझा आज सहावा दिवस आहे, त्यातला कालचा चुकलाय.